३१ अंशांचा हिरवा रंग आणि नागपूरचं ऊन

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुरिअरवाला पार्सल देऊन गेला. आत तीन डबे. एकावर लिहिलेलं ‘हिरवा, ३१ अंश’, दुसऱ्यावर ‘काळा, ४५ अंश’, तिसऱ्यावर ‘जांभळा, ऊन’. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाने पहिल्या डब्याचं झाकण फिरवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. “ताई, हे तं पांढरं निघालं.”

खरंच पांढरं होतं. मैद्यासारखं, किंचित पिवळट. १०० ग्रॅमचे १,४५० रुपये मोजले होते, ते डोळ्यांपुढे आले. मी लगेच विक्रेत्याला फोन लावला. तो मुंबईचा. त्याने शांतपणे विचारलं, “तुमच्या खोलीत आत्ता तापमान किती आहे?” हीट प्रेस चालू होतं, कूलरही चालू होता आणि भिंतीवरचा थर्मामीटर ३६ दाखवत होता. तो म्हणाला, “डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि दहा मिनिटांनी मला सांगा.”

दहा मिनिटांनी डबा बाहेर काढला तर आत कडुनिंबाच्या कोवळ्या पानाच्या रंगाची भुकटी. चिमूटभर तळहातावर घेतली. हाताच्या उबेने ती कडेकडेने पांढरी होत गेली. मुलगा म्हणाला, “आता परत फ्रिजमध्ये टाकून पाहू?” त्या दिवशी आम्ही दोघांनी तो डबा निदान सात-आठ वेळा फ्रिजमध्ये ठेवला आणि काढला. छापाईचं काम संध्याकाळपर्यंत पडून राहिलं.

तेव्हापासून दीड वर्ष मी ही रंग बदलणारी पावडर वापरते आहे. टी-शर्टवर, जंगलात घालायच्या जॅकेटांवर, दुपट्ट्यावर. नागपुरात हे साहित्य घ्यावं का, घेतलं तर कोणतं आणि कशासाठी, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

नागपूरच्या महाल भागात आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना आहे. गणेश मंडळांचे टी-शर्ट, शाळांच्या गॅदरिंगचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांचे, निवडणुका आल्या की दुपट्टे. रंगाचा नाद मात्र वडिलांकडून आला. ते एम्प्रेस मिलच्या रंगखात्यात होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केलेली ही मिल. वडील सांगायचे ती गोष्ट मला पाठ आहे: निळीच्या हौदातून कापड बाहेर काढलं की ते निळं नसतंच, पिवळट हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हौदात कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं टाकून निळीचं जे विरघळणारं रूप करतात, त्याला ते ‘ल्युको’ म्हणायचे. या पावडरीच्या कागदावर ‘ल्युको डाय’ हा शब्द वाचला तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. आपल्या घरातला शब्द होता.

ही पावडर म्हणजे नुसता रंग नसतो, कोट्यवधी बारीक कुप्या असतात. एकेक कुपी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंतच्या आकाराची. तिच्यात तीन जण एकत्र राहतात. एक रंग देणारा, पण एकटा असताना बेरंग. दुसरा सौम्य आम्लासारखा, जो त्या पहिल्याला चिकटला की रंग उमटतो. तिसरा मेणासारखा पदार्थ, ठरावीक तापमानाला वितळणारा. थंडीत मेण गोठलेलं असतं, पहिले दोघे एकमेकांना धरून असतात, म्हणून रंग दिसतो. मेण वितळलं की त्यांची फारकत होते आणि रंग जातो. पुन्हा थंड झालं की पुन्हा जोडी जमते. एटीएमच्या पावतीचा कागद याच जातीचा, फक्त तिथे उलटं चालतं: उष्णता लागली की दोघे एकत्र येतात आणि काळी अक्षरं उमटतात. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली पावती मे महिन्यात काळी पडते. घासून अक्षरं पुसता येणारी जपानी पेनं मिळतात, त्यांच्या शाईतही हीच कुपी. घासण्याने साठेक अंशांची ऊब तयार होते आणि शाई बेरंग होते. त्या पेनाने लिहिलेली वही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. माझ्या भाच्याच्या एका प्रॅक्टिकलची पानं अशीच कोरी झाली होती. फ्रीझरमध्ये ठेवून ती पुष्कळशी परत मिळाली.

आता मुद्द्याचं. डब्यावरचा ३१चा आकडा कुठून आला? माणसाची त्वचा साधारण ३२-३३ अंशांची असते. थंड देशात खोली वीस-बावीसची. म्हणून ३१ ठेवला की हात लावला तर रंग जातो, हात काढला की परत येतो. १९९१मध्ये अमेरिकेत सिएटलच्या एका कंपनीने ‘हायपरकलर’ नावाचे टी-शर्ट असेच विकले होते. हात लावला की पंजा उमटायचा. तिथे पोरांना वेड लागलं होतं. पण काखेत आणि पाठीवर वेगळेच डाग दिसायचे, गरम पाण्यात धुतले की रंग कायमचा बिघडायचा, आणि ती लाट लवकरच ओसरली.

तोच ३१ आपल्याकडे जसाच्या तसा विकला जातो. नागपुरात मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत दिवसा खोलीच ३१च्या वर असते. म्हणजे साडेतीन महिने हा रंग उगवतच नाही. शिवाय एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, ती मी वही-थर्मामीटर घेऊन बसल्यावर कळली. रंग ज्या तापमानाला जातो, त्याच तापमानाला परत येत नाही. माझा हिरवा २९ला फिकट व्हायला लागतो, ३३ला पूर्ण जातो, पण परत यायला त्याला २६च्या खाली उतरावं लागतं. मेच्या रात्री ३० अंश असतात, मग तो सकाळीही पांढराच. नागपूरकराने ही पावडर घेताना आधी आकडा पाहावा, रंग नंतर. हे एक वाक्य मला त्या एप्रिलमध्ये कोणी सांगितलं असतं तर एक डबा वाचला असता.

असं असलं तरी ३१चा डबा फुकट गेला असं मी म्हणणार नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी एका शाळेने ६० टी-शर्ट सांगितले. पांढऱ्या टी-शर्टवर पिवळं सूर्यफूल कायमच्या रंगात छापलं आणि वरून ३१चा हिरवा. फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे सकाळ सतरा-अठराची आणि दुपार तेहतिसची. प्रार्थनेच्या वेळी सगळी मुलं हिरवी. मधल्या सुट्टीत मैदानावर गेली आणि एकेकाच्या छातीवर सूर्यफूल उगवत गेलं. बाईंनी मला मैदानाच्या कडेला उभं केलं होतं. एक चौथीतली मुलगी मैत्रिणीच्या पाठीवर पंजा दाबून धरायची, काढायची आणि उमटलेल्या पंजाकडे बघत राहायची. पुन्हा दाबायची. मला तेव्हा वाटलं, हे काम आयुष्यभर करावं.

छापताना काय काळजी घ्यावी ते माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी लिहिते. रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर पाण्यावरचा वापरा, थिनरच्या जातीचं काही मिसळू नका, कुप्या फुटतात. बाइंडरच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के पावडर मला पुरते. मिक्सरने फेटू नका, लाकडी पट्टीने हळू ढवळा. जाळी नेहमीपेक्षा जाडसर घ्या आणि स्क्वीजीचे, म्हणजे रंग ओढायच्या रबरी पट्टीचे, दोन हात मारा. क्युरिंग, म्हणजे छाप तापवून पक्का करणं, १४० अंशांवर दीड-दोन मिनिटं, जास्त नाही. प्रेसमधून टी-शर्ट पांढराफटक बाहेर येतो, नवा कारागीर घाबरतो. त्याला टी-शर्ट पंख्याखाली धरायला सांगा. आणि हातमोजे घाला. कुपीतल्या त्या आम्लासारख्या घटकासाठी बऱ्याचदा बिस्फेनॉल-ए हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन वापरतात. म्हणून मी तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही पावडर छापत नाही, कितीही आग्रह झाला तरी. विक्रेत्याकडे त्यात नेमकं काय आहे याचा कागद मागितला. तीन वेळा मागितला. अजून आलेला नाही, आणि ही माझी त्याच्याबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

जंगलाच्या जॅकेटांचं काम मला सर्वांत जास्त शिकवून गेलं. आमच्या गल्लीतली सात-आठ जणांची एक टोळी पेंचला आणि आसपासच्या जंगलात फिरते, पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेला बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसते. त्यांच्यातला एक जण दिवाळीनंतर आला. “ताई, हिवाळ्यात जंगल हिरवं अन् उन्हाळ्यात पार वाळलेलं. दोन-दोन जॅकेटं काहून घ्यायची? तुमचा तो रंग बदलणारा चालत नाही का?”

या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही, कारण उत्तर आपल्या जंगलातच होतं. इथला साग पानझडीचा. थंडीत हिरवा असतो, पुढे पानं गळून सगळं रान तपकिरी होतं, पाऊस पडला की परत हिरवं. जंगलाचा रंग तापमानाबरोबरच बदलतो. मग खाकी कापडावर ३१चा हिरवा छापला तर जॅकेट जंगलाबरोबर आपोआप बदलेल. ना बॅटरी, ना बटण. ज्या ३१च्या आकड्याला मी नावं ठेवत होते, तो इथे बरोबर बसत होता.

त्यांना लष्करी पट्ट्यांचं डिझाइन हवं होतं. त्याला मी नाही म्हटलं. लष्कराने १५ जानेवारी २०२२ला जो नवा गणवेश दाखवला, त्याच्या डिझाइनचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत. मी सागाची मोठी पानं ठशासारखी मांडून स्वतःचं डिझाइन काढलं. खाकी ड्रिलचं बिनबाह्यांचं जॅकेट, त्यावर कायमच्या तपकिरीत वाळलेली पानं आणि त्यावर ३१च्या हिरव्यात ओली पानं.

डिसेंबरात ते पहिल्यांदा घालून गेले. पहाटे जिप्सीत नऊ अंश. फोटोत सगळे गर्द हिरवे. अकरा वाजताच्या फोटोत मात्र प्रत्येकाची एक बाजू हिरवी, दुसरी खाकी. हवा चोवीसची होती, पण उन्हातलं कापड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. मी क्युरिंग तपासायची, लांबून तापमान मोजणारी बंदूक गच्चीवर नेऊन मोजलं, तेव्हा हिवाळ्यातल्या दुपारीही गर्द हिरवं कापड उन्हात ३५च्या पुढे जात होतं. पहिल्यांदा मला हा दोष वाटला. पण टोळीतल्या सगळ्यात जुन्या भाऊंनी सांगितलं की झाडाखाली तसंच असतं, एका बाजूने उजेड, दुसरीकडून सावली, आणि अंगाचा आकार मोडला की प्राण्याला माणूस ओळखू येत नाही. खरा दोष खांद्यावर होता. बॅगेचा पट्टा आणि पाठ जिथे घट्ट बसते, तिथे अंगाच्या उबेने हिरवं जातं. म्हणून जॅकेट एक माप मोठं शिवायला सांगते.

फेब्रुवारीअखेर त्यांनी मला जो फोटो पाठवला तो मी मोठा करून कारखान्यात लावलाय. गळलेल्या सागाच्या पानांत तिघे बसलेत. दोघे चटकन दिसतात. तिसरा शोधायला मला पाऊण मिनिट लागलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर जॅकेट पूर्ण खाकीच राहिलं, पहाटेसुद्धा, आणि तेव्हा तेच हवं होतं. एक सांगते, प्राण्यांपासून लपायचं असेल तर रंगावर सगळा भार टाकू नका. हरणांच्या डोळ्यांना लाल आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही, निळ्याकडचा उजेड मात्र चांगला दिसतो. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या धुण्याच्या पावडरीत जी चमक असते ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त खुपते. जॅकेट साध्या साबणाने धुवा. आणि मचाणावर हलू नका, बोलू नका.

आता या साहित्याची कमजोर बाजू, आणि ती मोठी आहे. ऊन. तापमान नव्हे, उन्हाचा उजेड. वडिलांची एक पद्धत होती: कापडाची पट्टी घ्यायची, अर्धी पुठ्ठ्याखाली झाकायची आणि गच्चीवर ठेवायची. मी मे महिन्यात २१ दिवस तशी पट्टी ठेवली. शेजारी निळीत रंगवलेली एक जुनी पट्टी. २१ दिवसांनी दोन्ही फ्रिजमध्ये थंड केल्या. झाकलेला हिरवा जसाच्या तसा परत आला. उघडा हिरवा तिसरा हिस्साही आला नाही. निळीची पट्टी दोन्हीकडून सारखीच. जॅकेटांचंही तेच झालं. एका हंगामात खांद्यावरची पानं फिकी पडली. अतिनील किरण अडवणारा एक लेप वर मारून पाहिला, थोडा फरक पडतो, पण कापड कडक होतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते: जॅकेट वर्षभराचं, दुसऱ्या वर्षी पुन्हा छापून देईन, छापाईचे निम्मे पैसे घेईन. ज्यांना हे चालत नाही त्यांनी साधं खाकी घ्यावं, तेही वाईट नाही.

प्रयोगशाळांत हे काम कुठे पोचलंय ते वाचताना मला फार आनंद होतो. २०१४मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी ऑक्टोपसच्या कातडीवरून एक लवचीक पत्रा केला. १६ गुणिले १६ ठिपक्यांचा, खाली उजेड ओळखणारे डोळे, वर हीच उष्णतेने उडणारी काळी पावडर, मध्ये बारीक तापक. खालचा उजेड-अंधार बघून तो एक-दोन सेकंदांत तसाच काळा-पांढरा होतो. त्यांच्या काळ्याचा आकडा ४७ अंश. मी तो आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. आपल्याकडे २३ मे २०१३ला हवाच ४७.९ झाली होती. तो पत्रा त्या दिवशी नागपुरात आणला असता तर वीज न लावताच पूर्ण पांढरा झाला असता.

कॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, मात्र वेगळंच निघालं. आपण ‘सरड्यासारखे रंग बदलतो’ म्हणतो तेव्हा वाटतं की कातडीत रंग इकडेतिकडे सरकत असतील. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५मध्ये दाखवलं की त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. कॅमेलिऑन चिडला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. मोरपिसाच्या निळ्यात निळा रंग नसतो, तोच प्रकार. २०२१मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाने द्रवस्फटिकं (लिक्विड क्रिस्टल) आणि चांदीच्या तारांचे तापक वापरून एक मऊ यंत्र-सरडा केला, जो लाल, हिरव्या, निळ्या फरशीवरून चालताना फरशीचा रंग घेतो. द्रवस्फटिकांचा फायदा हा, की ते नुसते जात-येत नाहीत, तापमानाप्रमाणे लाल-हिरवा-निळा असे सगळे रंग दाखवतात. १९७५च्या सुमाराला अमेरिकेत गाजलेल्या ‘मूड’ अंगठीत तेच होते. कापडावर छापायला मी अजून धजावले नाही. त्याला खाली काळी पार्श्वभूमी लागते आणि किंमत माझ्या गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर आहे.

तिसरा डबा, जांभळा, उन्हाने रंगणारा. याला उष्णता नको, अतिनील किरण हवेत. किरण पडला की रेणूतली एक कडी उघडते आणि रंग येतो, सावलीत गेलं की कडी मिटते. आपल्या उन्हात हा चार-पाच सेकंदांत उमटतो, त्यामुळे मी याच्याकडून खूप आशा धरली होती. झालं उलटं. जानेवारीच्या सकाळी गडद जांभळा, मेच्या दुपारी फिकट गुलाबीसर. कारण कडी मिटवायचं काम उष्णता करते, आणि जितकी उष्णता जास्त तितकी ती लवकर मिटते. ऊन उघडतं, उकाडा मिटवतो. ज्यांचे चष्मे उन्हात काळे होतात त्यांनाही हा अनुभव असेल, की थंडीत काच जास्त काळी होते. मुलांच्या पतंगावर, राखीवर हा रंग सुंदर दिसतो. संक्रांतीला छापा, उन्हाळ्यात नको.

अंगावर घालायच्या पडद्यांबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण भाच्याने एक वाकणारा ई-पेपरचा पडदा आणला होता, हाताच्या पंजापेक्षा लहान. आत काळे-पांढरे कण तरंगणाऱ्या कुप्या असतात, वीज दिली की वरखाली होतात. चित्र बदलतानाच वीज लागते, बॅटरी काढली तरी अक्षरं राहतात. हेच तंत्र २०२२मध्ये एका मोटारीच्या अंगावर लावून ती पांढऱ्याची काळी करून दाखवली होती. आम्ही तो माझ्या टोपीवर शिवला आणि त्यावर दुकानाचं नाव टाकलं. दुपारी एक वाजता सीताबर्डीच्या रस्त्यावर मोबाइल दिसत नव्हता, टोपी वीस पावलांवरून वाचता येत होती. उन्हात जितका उजेड जास्त तितका तो स्पष्ट. त्याच्या माहितीपत्रकात ५० अंशांची मर्यादा लिहिली आहे, आणि उन्हातली टोपी ती सहज ओलांडते. दुसऱ्या आठवड्यात कडेला एक करडी रेघ आली ती गेली नाही. घामापासून वाचवायचं कामही मोठं आहे. आत्ता मी तो कोणाला घ्या म्हणणार नाही.

आणि आता दुसरा डबा, काळा ४५. यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

मागच्या वर्षी मे महिन्यात कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या मुलाला ऊन लागलं. तो कामठीहून सायकलने येतो. खिशात कांदा होता, डोक्याला दुपट्टा होता, तरी कारखान्याच्या दारात येऊन बसला तो उठेना. त्याला दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, दोन दिवसांनी बरा झाला. मला फार लागलं ते. त्याच्या आईला काय उत्तर दिलं असतं मी?

पावडर होतीच. मी दुपट्ट्याच्या टोकाला, छातीवर लोंबतं तिथे, लाल कायमच्या रंगात ‘पाणी प्या’ छापलं आणि वरून ४५चा काळा. कापड ४५ला पोचलं की काळं उडेल आणि अक्षरं दिसतील. गच्चीवर ठेवलं तर मिनिटभरात दिसली. दोन दिवस घालून मुलगा म्हणाला, “ताई, हे तं उन्हात गेलं की दिसतंच. ऊन आहे हे मले माहीत आहे ना.” बरोबर बोलला. मला वाईट वाटलं, कारण त्याचं खरं होतं.

पण तिसऱ्या दिवशी तो संध्याकाळी आला आणि म्हणाला, आज अक्षरं दिसलीच नाहीत, रंग खराब झाला. दुपट्टा हातात घेतला तर ओला. त्या दिवशी त्याने निघताना तो नळाखाली भिजवला होता. मी बंदूक लावली. भर उन्हात ओलं कापड तिशीच्या आसपास, शेजारचं कोरडं ५४. आपली हवा कोरडी, म्हणून तर कूलर चालतो. ओला दुपट्टा म्हणजे डोक्यावरचा कूलरच. तो वाळला की काही क्षणांत तापतो. म्हणजे ही पट्टी दुपट्टा वाळल्याचं सांगत होती, आणि ते चालणाऱ्या माणसाला कळत नाही. केस, घाम, गरम वारा, सगळ्यात दुपट्टा कधी कोरडा झाला ते लक्षात येत नाही.

आम्ही अक्षरं बदलली. आता लाल रंगात लिहितो: ‘दुपट्टा भिजवा’. मुलाचंच सुचवणं. या उन्हाळ्यात असे ४० दुपट्टे छापले. बांधकामावरच्या बायांना, घरपोच सामान देणाऱ्या पोरांना, चौकात फुगे विकणाऱ्या एका आजींना. एक पट्टी छापायला पावडर, बाइंडर, वीज धरून १४ रुपये पडतात. दुपट्ट्याचे वेगळे. बाया सांगतात की एकीचं दिसलं की दुसरी ओरडते, “माय, तुह्या दुपट्टा वाळला.” स्वतःची पट्टी स्वतःला कमी दिसते, शेजारणीला जास्त. म्हणून दोघी-दोघींना देते, एकटीला देत नाही.

दोष याचेही लिहिते. ४५चा काळा परत यायला ४१च्या खाली यावं लागतं. ज्या दिवशी हवाच ४४ असते त्या दिवशी कोरडा दुपट्टा सावलीतही काळा होत नाही, भिजवला तरच होतो. उन्हाच्या उजेडाने हाही झिजतो. साधारण सहा आठवड्यांनी काळा धुरकट करडा झाला आणि अक्षरं थंडीतही पुसट दिसू लागली. म्हणजे एप्रिलच्या शेवटी छापलेला दुपट्टा मृगापर्यंत कसाबसा जातो. तेवढा काळ पुरतो. गरम पाणी, ब्लीच, इस्त्री, तिन्ही नको. आणि ही पट्टी कापडाचं तापमान सांगते, माणसाच्या अंगाचं नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, घाम थांबलाय, तर पट्टी काळी असो की नसो, माणसाला सावलीत न्या आणि दवाखाना गाठा.

विक्रेत्याबद्दल: माल वेळेवर येतो, पॅकिंग घट्ट, फोन उचलतो. दुसऱ्या वेळचा ४५चा काळा पहिल्यापेक्षा निळसर निघाला आणि दोन अंश आधीच उडायला लागला, तेव्हा त्याने न कुरकुरता बदलून दिला. पण मागणी करताना मला ‘कोणत्या तापमानाला परत येतो’ हे विचारावं लागलं आणि त्याला ते माहीत नव्हतं. आता प्रत्येक डब्यातून चिमूटभर घेऊन मी स्वतः मोजते: वाटीत पावडर, वाटी पातेल्यात, पातेल्यात पाणी, शेजारी थर्मामीटर. अर्धा तास लागतो. आकडे झाकणावर लिहून ठेवते.

मला ३८ ते ४० अंशांचा एखादा रंग हवा आहे, कापड भिजून अर्धवट वाळलं की आधीच सांगणारा. त्याने मागवून देतो म्हटलंय. बांधकामावरच्या एका बाईने तिच्या बाळाच्या झोळीवर अशी पट्टी मागितली होती. झोळीला छापणार नाही, ते मी तिला सांगितलंय. झोळीच्या दोरीला बांधता येईल अशी चिंधी छापून देईन, बाळाच्या हाताला लागणार नाही इतकी वर.